पद्मक्काचा गजरा

आमच्या लॅबमध्ये वास घेऊन यायचं नाही, असा नियम होता. अत्तर नाही, वासाचं तेल नाही, फुलं नाहीत. घरी उदबत्ती लावली असेल तर ते कपडेसुद्धा चालायचे नाहीत. आंघोळीचा साबण लॅबच्या प्रमुख मॅडम सांगतील तो, आणि त्या साबणाला साबणाचाही वास नव्हता.

कारण आमचं कामच वासाचं होतं. वांग्याच्या रोपाला अळी कुरतडायला लागली की रोप गप्प बसत नाही, एक वेगळा वास सोडतं. त्या वासाच्या मागावर मुंगीएवढ्या गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. अळी मरते, रोप वाचतं. त्या वासात नेमकं काय काय असतं, हे आम्ही शोधत होतो. रोपावर पारदर्शक पिशवी चढवायची, आतली हवा पंपानं एका बारीक नळीत ओढून घ्यायची आणि ती नळी यंत्राला द्यायची. यंत्र कागदावर वासाचा आलेख काढतं, एकेका घटकाचा एकेक सुळका.

मी हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. आईनं बार्शीहून निघताना दिलेली जुईच्या तेलाची बाटली मी यशवंतपूरच्या पीजीतल्या स्वयंपाकाच्या बाईंना देऊन टाकली. केस वाळल्या कडब्यासारखे झाले, होऊ दिले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडलांची पिठाची गिरणी आहे आणि दहावीच्या पुढं आमच्याकडं कुणी गेलेलं नव्हतं, मी एम.एस्सी. झाले. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझ्यासारख्या माणसाला नियम दिला की बरं वाटतं. बाकीचं लोकांना घरातूनच येत असतं, नियम पाळणं तरी आपल्या हातात असतं.

आणि मी लागल्यानंतर थोड्याच दिवसांत पद्मिनी राव आली, केसांत हातभर मोगरा माळून.

मी इंग्रजीत सांगितलं, की इथं फुलं चालत नाहीत.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. रोपं ठेवलेल्या जाळीघराच्या दारावर एक खिळा होता. पुरुष माणूस बाहेरून आल्यावर शर्ट अडकवतो तसा तिनं गजरा त्या खिळ्याला अडकवला, "सरी?" म्हणजे ठीक ना, असं मलाच विचारलं आणि आत गेली. संध्याकाळी निघताना तोच सुकलेला गजरा परत माळला. रोज हेच. मॅडमनी एकदा बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बिनवासाच्या हँड क्रीमवरून झापलं होतं.

राव म्हणजे कन्नड किंवा तेलुगू, असं मी धरून चालले होते. एकदा डबा खाता खाता ती फोनवर म्हणाली, "आई, जेवलें गं मी. सारू आंबट झालं होतं आज." माझा घास तोंडापाशीच राहिला.

"अय्यो, तू मराठी?" मी बोलल्यावर ती ओरडली. "मग इतके दिवस माझ्याशी इंग्रजीत का भांडत होतीस?"

त्यांचं घर शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटला, कित्येक पिढ्या. मराठी घरातलीच, पण आत कन्नड असं मुरलेलं की कुठलं कुठं संपतं ते कळू नये. मी "पद्मिनी मॅडम, तुम्ही" असं सुरू केलं तर तिनं कानांवर हात ठेवले. "अहो-जाहो केलंस तर मी उत्तरच देणार नाही. अक्का म्हण आणि तू म्हण." मग ती पद्मक्का झाली. सगळ्यांचीच होती. गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनवाला, शेजारच्या लॅबमधले तमिळ आणि बंगाली, सगळे अक्का म्हणायचे. मला कुणी शैलासुद्धा नीट म्हणत नसे. "शीला" म्हणायचे.

आम्ही दोघी प्रकल्प सहायक. प्रकल्प संपताना मॅडम आमच्यातल्या एकीला पीएच.डी.ला घेणार होत्या. जागा एकच होती आणि हे दोघींना पहिल्यापासून माहीत होतं. तिला नाही मिळाली तर ती संध्याकाळी चामराजपेटला घरी जाणार होती. मला नाही मिळाली तर मी बार्शीला जाणार होते, ते कायमची. एवढा फरक.

ती कधी वेळेवर आली नाही. कारणंही कधी एकसारखी नसत. रस्त्यात एका झाडाला मोहर आला होता, म्हणून थांबले. मार्केटच्या फूलवाल्या अक्काच्या सुनेला मुलगा झाला, म्हणून बसले. आल्यावर एक निळी बादली उलटी करायची, रोपासमोर ठेवायची आणि तिच्यावर बसायची. बस. वही मांडीवर बंद. मी शेजारच्या रांगेत वेळ, तापमान, पानांची खाल्लेली कड, सगळं टिपत चाललेली असायची.

"अक्का, लिही ना गं काहीतरी."

"स्वल्प थांब. आधी अळीला खाऊ दे."

'स्वल्प थांब' हे तिचं पालुपदच होतं. रिक्षावाल्याला, मॅडमना, अळीला, सगळ्यांना ती स्वल्प थांबवायची, आणि गंमत म्हणजे सगळे थांबायचे. वहीत लिहायच्याऐवजी ती चित्रं काढायची. पानाची खालची बाजू, अळीची मान, मान वळवून ती कुठल्या शिरेला आधी तोंड लावते ते. मॅडम माझ्या तक्त्यांवर टिकमार्क करायच्या. तिच्या चित्रांवर मात्र त्या वाकून बसायच्या.

आमच्याकडं एक काचेची नळी होती, बेचकीच्या आकाराची. एका फाट्यातून निरोगी रोपाचा वास सोडायचा, दुसऱ्यातून कुरतडलेल्या रोपाचा. खालून गांधीलमाशी सोडायची आणि ती कुठं वळते ते बघायचं. कंटाळवाणं काम. माझ्या पाळीला माशी दांडीतच बसून मिशा पुसत राहायची. पद्मक्का नळीवर वाकून तिला कन्नडमध्ये बोलवायची. "बा, चिन्ना, बा. भिऊ नको गं." आणि माशी टुणकन वर. किड्यांना लाडकं-दोडकं कळत नाही हे मला माहीत आहे, मी एम.एस्सी. आहे. पण माणसांचं एक वेळ राहू दे, गांधीलमाश्यांनीसुद्धा तिचंच ऐकावं?

"तू श्वास रोखून बसतेस," ती मला म्हणाली. "त्यांना वाटत असेल परीक्षा चाललीय."

परीक्षाच चालली होती. फक्त तिला ते वाटत नव्हतं.

कामाची वाटणी तिनंच केली. "अळ्यांची रोपं मला दे. तू त्यांना हात लावताना कसं तोंड करतेस ते आरशात बघ एकदा." मी आनंदानं दिली. निरोगी रोपं मी घेतली, कारण ती मोजपट्टी असते. मोजपट्टीत खोट निघाली तर सगळंच फुकट जातं, ते काम काटेकोर माणसाचं. असं मी स्वतःला सांगितलं आणि मॅडमनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

पावसाळा उलटून गेल्यावर तो सुळका दिसला. कुरतडलेल्या रोपांच्या आलेखात, उंच, सरळ. माझ्या निरोगी रोपांत त्याचा मागमूस नाही. एकदा नाही, दर वेळी. वांग्याच्या रोपात असा घटक मॅडमच्या पाहण्यात नव्हता. कधी आवाज न चढवणाऱ्या मॅडम कॉरिडॉरमधून कागद हातात घेऊन अक्षरशः पळत आल्या. आठवडी बैठकीत त्याचं नावच पडलं, 'पद्मिनीचा सुळका'. आता जागा कुणाची हे विचारायचीही गरज राहिली नव्हती. कॅन्टीनवाल्यानं तिला कॉफी फुकट दिली. मी तिचं अभिनंदन केलं, व्यवस्थित, हात हातात घेऊन. आणि संध्याकाळी पीजीत जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले. दुखत कुठंतरी होतंच.

त्याच रविवारी तिनं मला घरी जेवायला ओढून नेलं. चामराजपेटच्या एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर घर. वडील सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. पुस्तकं जिन्यापासूनच सुरू. मी चपला कुठं काढू म्हणून बघत होते, तर चपलांच्या कपाटातही पुस्तकं. गॅलरीत कढीपत्त्याचं झाड होतं, कुंडीत, आणि त्याला पान म्हणून शिल्लक नव्हतं. सगळ्या काड्याच. काड्यांवर हिरव्या गलेलठ्ठ अळ्या.

"बघ गं शैला," तिची आई म्हणाली, "घरात झाड असून मी कढीपत्ता बाजारातनं आणते. सांग हिला काहीतरी."

"त्यांची फुलपाखरं होणार आहेत ना आई."

"दर वेळी होतात. फोडणीला एक तरी आलं का त्यातलं?"

वडील म्हणाले, "अळ्या दक्षिणेकडच्या फांदीवर जास्त आहेत. का बरं?" आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं उत्तर द्यायचंय. मी ऊन, पानांचं वय, काय काय आठवून सांगितलं. पद्मक्का मध्येच म्हणाली, "काही नाही अप्पा, तिकडं शेजारच्या मांजराला पोचता येत नाही." वडील म्हणाले, छट्, तसं काही नाही. आई म्हणाली, दोघंही चूक. मग पानं वाढलेली असताना तिघं भांडत बसली, कोण बरोबर हे ठरवायची कुणालाच घाई नव्हती. आमच्याकडं झाडाला कीड दिसली की चिमटीत धरून चिरडतात. आणि आमच्याकडं चुकीचं उत्तर दिलं की त्यावर कुणी हसत नाही, शिकायला पाठवल्याचा हिशेब निघतो. मी त्या घरात पोटभर जेवले आणि मला त्या प्रत्येक गोष्टीचा राग आला. चपलांच्या कपाटातल्या पुस्तकांचा तर फारच.

महिन्याभरानं पद्मक्काचे काका गेले. ती चार दिवस आली नाही. आली तेव्हा केस बांधलेले, पण मोकळे वाटत होते.

"सुतक आहे गं. आमच्यात माळत नाहीत."

त्याच आठवड्यात सुळका गेला.

मॅडमनी यंत्र उघडलं, आतली नळी बदलली. कंपनीचा माणूस आला, काही बिघाड नाही म्हणून गेला. पद्मक्कानं अळ्या बदलल्या, रोपं बदलली, खत तपासलं. सुळका नाहीच. मी माझी निरोगी रोपं उरकून जाळीघरातून बाहेर पडत होते आणि माझी नजर दारावरच्या खिळ्याकडं गेली. रिकामा.

मग मला डोळ्यांसमोर रोजची सकाळ दिसली. पद्मक्का कुंडीवर वाकते, पिशवी चढवायला. तिची लांब वेणी खांद्यावरून पुढं घसरते आणि पिशवीच्या तोंडातून आत, पानांवर. गजरा खिळ्याला असला तरी सबंध रस्ताभर तो त्या वेणीत असायचा. आणि अळ्यांची रोपं फक्त तिची. निरोगी रोपं फक्त माझी, बिनवासाची. आम्ही कुरतडलेल्या आणि निरोगी रोपांची तुलना करतच नव्हतो. आम्ही पद्मक्काची आणि माझी तुलना करत होतो!

मला आनंद झाला. का होऊ नये? वर्षभर तेल न लावलेल्या केसांची शपथ, मला फार आनंद झाला. पण मॅडमच्या कानाशी जाऊन लागायचं, हे आमच्यात नाही. मी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि तोंडावर सांगितलं. ती रडली तर काय म्हणायचं, त्याची दोन वाक्यंही तयार ठेवली होती.

तिनं हातातली इडली खाली ठेवली. हळूच वेणी पुढं घेतली, शेंडा नाकाशी धरला. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मी पहिलं वाक्य सुरू करणार तोच कळलं, की ती हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अय्यो देवा! म्हणजे माझ्या वेणीवर पेपर निघणार होता गं!"

"अक्का, हे गंभीर आहे. तुझा निष्कर्ष गेला."

"गेला की नाही ते बघायला नको? तू म्हणतेस म्हणून खरं झालं होय? चल ऊठ."

गेटबाहेरून तिनं मोगरा घेतला. सुतकातलं म्हणून स्वतः हात न लावता माझ्या हातात धरायला दिला. माझं एक निरोगी रोप, अळी नाही, काही नाही. त्याच्या पिशवीत तो मोगरा ठेवून हवा ओढली. यंत्रापाशी आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून उभ्या. तो आला. उंच, सरळ, जागच्या जागी. तिनं माझ्या पाठीत असा धपका मारला की मी टेबलावर आदळले.

"शैले! काय नाक गं तुझं!"

"नाकानं नाही, डोक्यानं."

"तेच ते."

बैठकीत तिनं दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एकावर लिहिलं होतं 'अळी', दुसऱ्यावर 'माझे केस'. पहिलं वाक्य बोलली ते असं, की हे शैलानं पकडलं. माझं नाव त्या दिवशी सगळ्यांना नीट कळलं, हे मी मान्य करते. पण मग ती वेणी हातात धरून पिशवीत कशी जायची ते करून दाखवायला लागली आणि सगळी खोली हसायला लागली, आणि बघता बघता चूक करणारी तीच त्या बैठकीची नायिका झाली. मॅडमसुद्धा हसल्या. मग गंभीर झाल्या, काम नव्यानं सुरू करायला सांगितलं, आणि यापुढं दोघींनी रोपं आलटून पालटून घ्यायची, असं ठरवलं. यात माझीही चूक होती, वाटणी मीही मान्य केली होती, हे कुणी बोललं नाही. मला ते रात्रंदिवस टोचलं. तिला तिची चूक टोचली नाही.

जागा मला मिळाली.

मी घरी फोन केला तेव्हा मागं गिरणी चालू होती. अण्णांना ऐकू येईना. मग त्यांनी गिरणी बंद केली. गिऱ्हाईक उभं असताना गिरणी बंद केलेली मी कधी ऐकली नव्हती. "आता सांग," म्हणाले. मी सांगितलं. गिरणी बराच वेळ बंदच होती.

आणि पद्मक्का? दुसऱ्या दिवशी आईनं केलेल्या चिरोट्यांचा डबा घेऊन आली आणि वॉचमनपासून मॅडमपर्यंत स्वतः वाटत फिरली. "आमच्या शैलाला मिळाली." मी तिच्या तोंडाकडं बघत होते. वर्षभर जे माझ्या तोंडावर होतं ते एकदा, एकदाच तिच्या तोंडावर यावं, एवढीच माझी इच्छा होती. कुठं ओठ आवळले गेले, कुठं नजर वळली, ती अळीची मान बघायची तसं मी बारकाईनं बघत होते. काही नाही. चिरोट्याची साखर तेवढी हनुवटीला लागली होती. जागा मला मिळाली आणि हेवाही माझ्याकडंच राहिला.

माझी अशी चूक झाली असती, आख्ख्या लॅबनं ज्याच्यावर भरवसा ठेवला ते माझ्या केसांचा वास निघालं असतं, तर मी त्या संध्याकाळची बार्शीची गाडी धरली असती. ती हसली आणि घरी जेवायला गेली. आज माझी पीएच.डी. झालीय, माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात, त्या माझ्याकडून काटेकोरपणा शिकतात. चुकायचं कसं ते मला त्यांना शिकवता येत नाही. ते मला कुणी दिलंच नाही.

प्रकल्प संपेपर्यंत ती राहिली. त्या बैठकीनंतर तिनं केसांत फुलं माळली नाहीत, पण मार्केटच्या फूलवाल्या अक्काकडून रोज घ्यायची मात्र, आणि स्कूटरच्या आरशाला बांधायची. "तिचं बोहनीचं गिऱ्हाईक मी. सोडून कसं चालेल?" स्कूटर स्टँडवर शंभर गाड्यांत तिची लगेच सापडायची. पुढं तिला कोडगूकडं कॉफीच्या मळ्यांत काम मिळालं, तिथल्या किड्यांवर. पुन्हा सहायकच. ती अशा आनंदात होती की मला क्षणभर वाटलं, चांगली जागा तिला मिळाली आणि मला उरलेली.

तिच्या शेवटच्या दिवशी मी वेळेवर बाहेर पडले. दिवस मावळत होता. पद्मक्का हेल्मेट मांडीवर घेऊन आपल्या स्कूटरसमोर उकिडवी बसली होती.

"काय गं?"

"श्श. स्वल्प थांब."

मी वाकून बघितलं. आरशाच्या गजऱ्याचा दोरा खाली लोंबत होता. त्या दोऱ्याला जबड्यानं घट्ट धरून, पाय सैल सोडून, निळ्या पट्ट्यांची एक रानटी मधमाशी लटकली होती. या माश्यांचे नर घरट्यात झोपत नाहीत. संध्याकाळ झाली की एखादी काडी जबड्यात धरतात आणि तशीच रात्र काढतात. पुस्तकात मी वाचलं होतं.

"झोपला," ती कुजबुजली. "आता गाडी कशी काढू?"

"अक्का, पहाटे तुला निघायचंय. सामान बांधायचंय."

"आईनं बांधलं."

"मी दोरा अलगद सोडून दुसरीकडं बांधते. उठणार नाही."

"तुला जमेल गं. तुझा हात हलत नाही." तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "पण नको. हे त्यानं बघून निवडलंय."

मग उठली, परकर झटकावा तसा कुर्ता झटकला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सकाळी तो उठला की गाडी घरी नेऊन आईकडं दे. इडली खाल्ल्याशिवाय निघू नको." हेल्मेट काखेत मारून ती रस्ता ओलांडून बसस्टॉपवर गेली. बस आली. मोकळी वेणी पाठीवर हलत ती चढली आणि खिडकीशी बसली. मी हात केला. तिनंही केला, पण बस निघाली तेव्हा मी नीट बघितलं, ती माझ्याकडं बघत नव्हती. स्कूटरकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता आले. वॉचमननं विचारलं, "अक्का होदरा?" मी मान हलवली, गेली म्हणून. गजरा तपकिरी पडला होता. दोऱ्याला तो तसाच लटकलेला, पंखांवर दव. मी गाडीला हात लावला नाही. जाळीघरात जाऊन निळी बादली आणली, उलटी करून त्याच्यासमोर ठेवली आणि बसले. वही आतच राहिली होती. आणायला गेले नाही.